आपली तबकडी आपण घडवावी



या व्याख्यानमालेत आपण इतिहास, साहित्य आणि अर्थकारण यांवरची भाषणे ऐकत आला आहात. आमचा आजचा विषय त्या मानाने अगदी रोकडा आहे. संगणकात जी मूळ कार्यप्रणाली घालावी लागते, ती घालण्याची तबकडी आपल्या गरजेप्रमाणे आपणच कशी घडवावी, हा तो विषय. कामगार चळवळीतला माणूस मजुरीवर, बोनसवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेल अशी चालकांची अपेक्षा असावी. तथापि आजचा विषयही त्याच घरातला आहे असे आम्हांस वाटते. हत्यार कोणाच्या मालकीचे, ते उघडून दुरुस्त करण्याचा अधिकार कोणास, आणि एके दिवशी ते हातातून काढून घेतले तर काय करावयाचे, हे प्रश्न कामगारास नवे नाहीत.

आम्ही संगणकशास्त्र कोठल्याही विद्यालयात शिकलो नाही. जे कळले ते वाचून, विचारून आणि संघटनेच्या कचेऱ्यांतली यंत्रे चालती ठेवण्याच्या निकडीपोटी कळले. त्यामुळे भाषा कारखान्यातली असेल, ती आपण गोड मानून घ्यावी.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय ते पाहू. संगणकाची कळ दाबली की यंत्रात कायमचा बसवलेला एक छोटा कार्यक्रम जागा होतो. तो पुढच्यास उठवतो, आणि पुढचा गाभ्यास उठवतो. या गाभ्यास कर्नेल म्हणतात. पडदा, कळफलक, छपाईयंत्र आणि साठवणीची चकती या सर्वांस कामाला लावणारा हा मुकादम होय. त्याच्या हाताखाली शेकडो लहानमोठे कार्यक्रम असतात. हा सारा फौजफाटा मिळून कार्यप्रणाली होते. कोऱ्या यंत्रात ती उतरवण्याचे साधन म्हणजे स्थापनेची तबकडी. पूर्वी ती खरोखरच तबकडी असे. सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट आणि डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मावत. आज बहुधा पेनड्राइव्ह वापरतात, पण नाव तबकडीच राहिले आहे.

आता मालकीचा प्रश्न. आपण दुकानातून यंत्र आणतो तेव्हा यंत्र आपले होते, परंतु त्यातली कार्यप्रणाली बहुधा आपली होत नाही. तिच्या वापराचा परवाना तेवढा मिळतो, आणि त्याच्या अटी देणारा ठरवतो. विंडोज १० या कार्यप्रणालीची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पैसे भरून वा इतर अटी पाळून काहींना थोडी मुदत वाढवून मिळाली, एवढेच. पुढच्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाचा सुरक्षा-घटक आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. याचा अर्थ असा की कालपर्यंत पत्रे टंकणारे आणि हिशेब ठेवणारे धडधाकट यंत्र एका तारखेस म्हातारे ठरले. कारखान्यात अंगात बळ असलेल्या कामगारास वयाचा दाखला दाखवून घरी पाठवतात, त्यातलाच हा प्रकार. यंत्र झिजले नाही, करार संपला.

यास पर्याय आहे, आणि तो आजचा नव्हे. सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने ग्नू नावाचा उपक्रम जाहीर केला. कोणासही वापरता यावी, वाचता यावी, बदलता यावी आणि दुसऱ्यास देता यावी अशी कार्यप्रणाली उभारावयाची, हा त्याचा हेतू. यासाठी त्यांनी जीपीएल हा परवाना केला. त्याची पहिली आवृत्ती १९८९ ची आणि दुसरी १९९१ ची. या परवान्यातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. घेणाऱ्यास चारही मोकळीकी मिळतात, परंतु तो पुढे वाटावयास निघाला की त्याच मोकळीकी पुढच्यासही द्याव्या लागतात. विहिरीचे पाणी कोणीही न्यावे, पण विहिरीवर झाकण घालून कुलूप लावू नये, असा हा करार आहे.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहून प्रसिद्ध केला. आरंभी त्याच्या वाटपासाठी पैसे घेण्यास मनाई होती. १९९२ मध्ये त्याने जीपीएल स्वीकारला. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन हा उपक्रम सुरू केला. गाभा आणि बाकीचे हजारो कार्यक्रम एकत्र बांधून, तपासून, लोकांच्या हाती द्यावयाचे हे त्याचे काम.

डेबियनविषयी चार शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण आमची तबकडी त्यावर उभी आहे. हा कोणा कंपनीचा माल नव्हे. जगभरचे सुमारे हजार सभासद तो चालवतात. १९९७ मध्ये त्यांनी समाजाशी केलेला करार लिहून प्रसिद्ध केला आणि १९९८ मध्ये घटना मंजूर केली. प्रमुखाची निवड दरवर्षी मतदानाने होते, आणि मतदार उमेदवारांस पसंतीक्रम देतात. २०२२ साली एक वाद निघाला. यंत्रातल्या काही सुट्या भागांना चालवण्यासाठी त्या भागांच्या कंपन्यांचे बंद कार्यक्रम लागतात. ते अधिकृत तबकडीवर घ्यावेत की नाही? घेतले तर तत्त्वाला मुरड पडते. न घेतले तर नव्या माणसाचे बिनतारी जाळेच चालत नाही. त्यांनी वाद घातला, ठराव मांडले, मते घेतली आणि ते घ्यावयाचे ठरवले. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तो निर्णय अमलात आला. निर्णय कोणास रुचेल, कोणास रुचणार नाही. परंतु हत्यार बनवणारे एकत्र बसून मतदानाने असे ठरवतात, हे पाहून आमच्यासारख्या युनियनवाल्यास आपल्याच सभेत बसल्यासारखे वाटते.

आता आपण विचाराल की अशी तयार तबकडी फुकट मिळत असता पुन्हा स्वतःची घडवण्याचा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. एका घरात एकच यंत्र असेल तर हा खटाटोप करू नये. तयार तबकडी घ्यावी आणि कामास लागावे. परंतु आमच्या संघटनेच्या पाच तालुक्यांत पाच कचेऱ्या आहेत. तेथे अकरा यंत्रे आहेत, आणि ती सगळी इतरांनी वापरून काढून टाकलेली. एका यंत्रात कार्यप्रणाली घालावयाची, मग मराठी टंकलेखन बसवावयाचे, मग छपाईयंत्राची जुळणी करावयाची, मग पत्रांचे आणि सभासद नोंदणीचे नमुने उतरवावयाचे, म्हणजे एक दिवस मोडतो. दोन कचेऱ्यांत इंटरनेट इतके मंद की आवश्यक सामग्री उतरवण्यातच दिवस जावा. अकरा यंत्रांस अकरा वेळा तेच करताना प्रत्येक यंत्र थोडे निराळे होते. मग एका कचेरीतला माणूस दुसऱ्या कचेरीत गेला की त्याची बोटे अडतात. म्हणून एकदाच नीट विचार करून एक तबकडी घडवावयाची, की जी यंत्रात घातली असता पाऊण तासात कचेरी कामास तयार व्हावी.

घरच्या भाजणीसारखेच हे आहे. धान्य आपण पिकवत नाही, बाजारातूनच आणतो. पण कोणते धान्य किती घ्यावयाचे, किती भाजावयाचे आणि काय वगळावयाचे, हे घरात ठरते. डेबियनच्या कोठारात आज ६० हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. त्यांतली आपली निवडावयाची, एवढेच काम.

या कामासाठी डेबियनमध्येच लाइव्ह-बिल्ड नावाचे साधन आहे. त्याच्या कामाचे चार टप्पे आहेत, ते क्रमाने सांगतो.

पहिला टप्पा पायाचा. डेबूटस्ट्रॅप नावाचा कार्यक्रम कोठारातून अगदी मोजकी पॅकेजे आणतो आणि आपल्या यंत्रातल्या एका कप्प्यात एक छोटी, पूर्ण कार्यप्रणाली मांडतो. येणाऱ्या मालावर कोठाराची सही असते, आणि ती जुळल्याखेरीज माल आत घेतला जात नाही.

दुसरा टप्पा भरणीचा. त्या कप्प्यात जणू आपण स्वतः शिरतो. आत गेलेल्या कार्यक्रमास तो कप्पा म्हणजेच सारे यंत्र आहे असे भासते, बाहेरचे काही दिसत नाही. येथे आपण लिहिलेल्या यादीप्रमाणे पॅकेजे बसतात. ही यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल, एका ओळीवर एक नाव, वाण्याच्या यादीसारखी. आपल्या पत्रांचे नमुने, अक्षरांचे साचे, पडद्याची मांडणी जशीच्या तशी त्यात उतरते. शेवटी आपण लिहिलेल्या काही आज्ञा चालतात आणि राहिलेली जुळणी पुरी करतात.

तिसरा टप्पा बांधणीचा. भरलेला कप्पा स्क्वॅशएफएस नावाच्या पद्धतीने दाबून एका फाइलीत बांधतात. क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थांनी २००० साली क्नॉपिक्स ही तबकडी काढली, तेव्हा अशाच दाबण्याच्या युक्तीने सुमारे दोन गिगाबाइटांचा ऐवज ७०० मेगाबाइटांच्या सीडीत बसवला होता. यंत्रातल्या चकतीस हातही न लावता तबकडीवरूनच सारी कार्यप्रणाली चालवून पाहता येते, ही सोय त्या तबकडीने लोकप्रिय केली. आमच्या तबकडीतही ती आहे, आणि तिचा उपयोग मोठा आहे. साशंक माणसास आम्ही प्रथम ती तशीच चालवून दाखवतो. पडदा दिसतो, छपाई होते, मराठी टंकता येते, हे त्याने स्वतः पाहिले की मगच स्थापनेची गोष्ट काढतो. दाबलेल्या फाइलीच्या पुढे यंत्रास जागे करणारा भाग जोडतात, आणि सर्व मिळून एक आयएसओ प्रतिमा तयार होते. ती पेनड्राइव्हवर उतरवली की तबकडी झाली.

चौथा टप्पा स्रोताचा. तबकडीवर जे कार्यक्रम गेले, त्यांचा मूळ लेख, म्हणजे माणसास वाचता येणारे स्वरूप, एकत्र करून ठेवावयाचा. पुष्कळ लोक हा टप्पा गाळतात. स्वतःपुरती तबकडी असेल तर चालेल. परंतु ती दुसऱ्याच्या हाती दिली की जीपीएलप्रमाणे मूळ लेख देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. आपण घेतले त्या अटीवरच पुढे द्यावे, यात अन्याय काहीच नाही.

आता निवडीविषयी. तंत्र सोपे आहे, निवड अवघड आहे, असा आमचा अनुभव आहे. तबकडीवर काय असावे हे ठरवण्यासाठी आम्ही कचेऱ्यांत काम करणाऱ्यांची बैठक घेतली. पदाधिकाऱ्यांच्या सूचना पुष्कळ आल्या. उपयोगाच्या सूचना मात्र रोज टंकणाऱ्यांकडून आल्या. एका कचेरीतल्या बाईंनी सांगितले, "साहेब, पडद्यावर संघटनेचे बोधचिन्ह आणि झेंडा नसला तरी चालेल. मला यंत्र सुरू होताच मराठी अक्षर उमटले पाहिजे, आणि ते सरकारी कचेरीत पाठवले तर तिथेही मराठीच दिसले पाहिजे." सगळ्या तबकडीचे सार या दोन वाक्यांत आले.

मराठीची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या अक्षरसाच्यांत टंकला जाई, त्यांत यंत्राच्या दृष्टीने रोमन अक्षरेच असत. साचा तेवढा देवनागरी आकार दाखवी. तो साचा नसलेल्या यंत्रात मजकूर उघडला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आमच्या कित्येक वर्षांची इतिवृत्ते, तडजोडीचे करार, सभासदांच्या याद्या अशा साच्यांत अडकून होत्या. दप्तर आपले, शब्द आपले, आणि वाचण्याची किल्ली परक्याच्या विकाऊ साच्यात! म्हणून तबकडीवर युनिकोडचे देवनागरी साचे, १९८६ साली सरकारने प्रमाण ठरवलेला इनस्क्रिप्ट कळफलक आणि उच्चाराप्रमाणे टंकण्याची पद्धत, अशी तिन्हींची सोय केली. डेबियनचा स्थापना-कार्यक्रम मराठीतून चालतो, आणि लिबरऑफिस या कचेरीच्या कामाच्या संचाचे पडदेही मराठीत मिळतात. जुने दप्तर युनिकोडमध्ये आणण्याचे काम मात्र कोणतीही तबकडी करून देत नाही. रूपांतर करणारे कार्यक्रम असतात, पण जोडाक्षरे आणि रफार बिघडतात. शेवटी माणसाने मूळ कागद शेजारी ठेवून ओळन् ओळ ताडावी लागते. ते काम आमच्याकडे अजून चालू आहे.

पडद्याची मांडणी हलकी निवडली, कारण काही यंत्रांत स्मृती दोनच गिगाबाइट आहे. दिखाऊ मांडणी अशा यंत्रास पेलत नाही. जेथे शंका होती तेथे पॅकेज वगळले. नंतर घालता येते; आधीच घातलेले कोणी काढत नाही.

आता धोके सांगतो. स्थापनेच्या वेळी यंत्र अनेक प्रश्न विचारते. भाषा कोणती, कळफलक कोणता, वेळ कोठली, चकतीचे भाग कसे करावयाचे, परवलीचा शब्द कोणता. या प्रश्नांची उत्तरे प्रीसीड नावाच्या फाइलीत आधीच लिहून ठेवता येतात. मग यंत्र काही न विचारता काम पुरे करते. सोय मोठी, पण ती सर्वत्र वापरू नये. चकती पुसून नवे भाग पाडण्याचे उत्तर जर आधीच लिहून ठेवले, तर ती तबकडी म्हणजे भरलेली बंदूक झाली. कोणी ती चुकीच्या यंत्रात घातली तर सगळे दप्तर साफ होईल. म्हणून तो एक प्रश्न आम्ही माणसासाठी राखून ठेवला. यंत्राने विचारावे, माणसाने वाचावे आणि मग "होय" म्हणावे.

परवलीचे शब्दही तबकडीवर लिहू नयेत. तबकडी दहा हातांत फिरते, आणि ती उघडून वाचणे कोणासही शक्य असते. तशीच गोष्ट यंत्राच्या गुप्त किल्ल्यांची. दुसऱ्या यंत्राशी बोलताना ओळख पटवण्यासाठी प्रत्येक यंत्र स्वतःची किल्ली तयार करते. ती तबकडीतच राहून गेली तर अकराही यंत्रांची किल्ली एक होईल. एका चाळीतल्या सगळ्या खोल्यांना एकच कुलूपकिल्ली असल्यासारखे ते होय. बांधणीपूर्वी त्या काढून टाकाव्यात आणि प्रत्येक यंत्राने पहिल्या वेळी आपापली करावी, अशी आज्ञा घालावी लागते. सभासदांची नावे आणि पत्ते यांच्या याद्या तर तबकडीवर कधीही जाऊ नयेत. संघटनेच्या सभासदांची यादी कोणाच्या हाती पडल्यास काय होऊ शकते, हे येथल्या कारखान्यांत काम केलेल्यांस सांगण्याची गरज नाही.

तयार प्रतिमेची बेरीज घ्यावी लागते. शा-२५६ या पद्धतीने सगळ्या फाइलीतून ६४ अंकाक्षरांची एक खूण निघते. फाइलीत एक बिंदू जरी बदलला तरी ती खूण पार बदलते. ही खूण कागदावर छापून आम्ही प्रत्येक कचेरीत लावली आहे. आलेली तबकडी तीच आहे की वाटेत बदलली, हे त्यावरून कळते. नंतर ती आभासी यंत्रात चालवून पाहावी, मग कामाबाहेरच्या एका यंत्रात, आणि मगच कचेरीत न्यावी.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. तबकडी ज्या दिवशी तयार होते, त्याच दिवसापासून शिळी होऊ लागते. कोठारात दुरुस्त्या येत राहतात, तबकडी आहे तेथेच राहते. म्हणून जपावयाची वस्तू तबकडी नव्हे, तिची कृती होय. याद्या, आज्ञा आणि नमुने यांचा जो छोटा गठ्ठा आहे तो जपला, की दर दोन-तीन महिन्यांनी ताजी तबकडी एका आज्ञेत निघते. आमच्याकडे त्या गठ्ठ्यास वही म्हणतात, आणि कोणी काय बदलले व कशासाठी, याची नोंद तारखेसह त्यात राहते. ज्याच्या हातात कृती आहे तो आजारी पडला, गाव सोडून गेला, तरी दुसऱ्याने वही उघडून काम पुढे न्यावे. एका माणसाच्या डोक्यात असलेली व्यवस्था ही व्यवस्था नव्हेच.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले, आणि त्यात जुन्या ३२-बिटी यंत्रांसाठी स्थापनेची तबकडी राहिली नाही. आमच्याकडे अशी दोन यंत्रे आहेत. त्यांच्यासाठी डेबियन १२ ची निराळी तबकडी ठेवली आहे, आणि तिची दुरुस्ती जून २०२८ पर्यंत मिळावयाची आहे. म्हणजे येथेही यंत्रास निवृत्ती आहेच. परंतु ती पुष्कळ उशिरा येते, कारणे उघड चर्चेत सांगितली जातात, आणि कोणास हिंमत असेल तर मूळ लेख घेऊन पुढे चालवण्याचा मार्ग मोकळा राहतो. दुसरे असे की काही प्रचलित हिशेबी कार्यक्रम यावर सरळ चालत नाहीत. आमच्या हिशेबनिसांचे एक यंत्र म्हणूनच आम्ही होते तसे ठेवले. तत्त्वासाठी हिशेब अडकवून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

हे केवळ एका संघटनेचे कौतुक नव्हे. केरळ राज्याने आपल्या शाळांसाठी अशीच स्वतःची तबकडी घडवली. तेथल्या आयटी-अॅट-स्कूल या उपक्रमाने शिक्षकांना हाताशी धरून शाळेस लागणारे कार्यक्रम आणि मल्याळम भाषेची सोय एकत्र बांधली. २०१९ साली निघालेली आवृत्ती दोन लाखांहून अधिक यंत्रांसाठी होती, आणि तीमुळे परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतात असा तेथल्या शासकीय संस्थेचा हिशेब होता. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने २००७ मध्ये डेबियनवरच आधारलेली बॉस ही भारतीय भाषांची कार्यप्रणाली काढली.

उलट बाजूचे उदाहरण जर्मनीतल्या म्युनिक शहराचे. तेथल्या नगरपालिकेने २००३ मध्ये निर्णय घेऊन लिमक्स नावाची स्वतःची कार्यप्रणाली बांधली आणि २०१३ पर्यंत १४,००० हून अधिक यंत्रांत बसवली. तरीही २०१७ मध्ये परत फिरण्याचा ठराव झाला. तबकडी वाईट होती म्हणून हे घडले असे म्हणता येत नाही. शहराच्या संगणक विभागांची विस्कळीत रचना, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि बदललेले राजकारण यांचा त्यात वाटा होता. केरळात शिकवणारा माणूस बरोबर होता, म्हणून ते काम मुळे धरून राहिले. यावरून आम्ही असा बोध घेतला की तबकडी बांधणे हे निम्मे काम आहे, आणि माणसे बांधणे हे उरलेले निम्मे. त्यात दुसरे निम्मे अधिक जड आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत गंभीर. मुक्त म्हणजे फुकट, असे समजून आपण हे हत्यार उचलतो. पण ते कोणी तरी घडवले आहे. त्याच्या मजुरीचे काय?

मार्च २०२४ मध्ये घडलेली एक हकीकत सांगतो. एक्सझेड नावाचे फाइली दाबण्याचे एक छोटे साधन आहे. ते असंख्य यंत्रांत असते, पण त्याची देखभाल वर्षानुवर्षे प्रायः एकच माणूस आपल्या फावल्या वेळात, विनावेतन करीत होता. तो थकला होता, प्रकृतीही ठीक नव्हती. अशा वेळी टोपणनावाने एक मदतनीस आला. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवला, आणि मग त्या साधनात चोरदरवाजा बसवला. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. तो विलंब कोठून येतो याचा पाठपुरावा करता करता त्याने हे कारस्थान उघडकीस आणले. डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत तो माल पोचला होता. लोकांच्या हाती असलेल्या स्थिर आवृत्तीत मात्र तो शिरला नव्हता.

या हकीकतीत मूळ लेख उघडा असल्याचा लाभ दिसतो, हे खरे. चोर सापडला, कारण ज्याला संशय आला त्याला आत डोकावण्याची मोकळीक होती. परंतु आमची नजर त्या थकलेल्या माणसाकडे जाते. साऱ्या जगाने त्याचे काम वापरले. मोठमोठ्या कंपन्यांनी त्यावर नफा मिळवला. आणि तो एकटाच राहिला. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. उद्या आपली तबकडी बिघडली तर ती बहुधा अशाच एखाद्या ठिकाणी बिघडेल, जेथे एक माणूस खपत होता आणि कोणी त्याची विचारपूस केली नाही.

म्हणून आमच्या संघटनेने एक नियम केला. वाचलेल्या परवान्यांच्या खर्चाची जी ढोबळ रक्कम निघाली, तिचा काही भाग दरवर्षी हे कार्यक्रम सांभाळणाऱ्यांकडे वर्गणी म्हणून पाठवावयाचा. पैसे देणे जमत नसेल तर श्रम द्यावेत. मराठी भाषांतरात राहिलेली वाक्ये पुरी करणे, चुकीचा शब्द दिसला तर कळवणे, कार्यक्रम कोठे अडला ते नीट लिहून पाठवणे, ही कामे करण्यास पदवी लागत नाही. आमच्या कचेरीतल्या त्याच बाईंनी मराठी पडद्यांतल्या चुकांची वही ठेवली आहे, आणि त्यांतल्या काही चुका पुढच्या आवृत्तीत दुरुस्तही झाल्या. आपण टंकलेला एक शब्द जगभरच्या मराठी माणसाच्या पडद्यावर जातो, याचे त्यांना जे समाधान आहे ते पगारवाढीच्या समाधानाहून निराळे असले, तरी कमी नाही.

आता आपल्या गावापुरते बोलतो. येथे सार्वजनिक वाचनालय आहे, शाळा आहेत, पतपेढ्या आणि सहकारी संस्था आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या मागच्या खोलीत दोन-चार यंत्रे धूळ खात असतील. त्यांचे लिलाव करण्यापूर्वी आमची एक विनंती ऐकावी. पाच माणसे एकत्र या. त्यांत रोज यंत्रावर काम करणारी दोन तरी असावीत, एक शिक्षक असावा. प्रथम कागद घ्या, आणि या गावच्या संस्थांस यंत्राकडून नेमके काय हवे, याची यादी करा. यंत्रास हात नंतर लावा. यादी झाली की तबकडी बांधण्यास दोन रविवार पुरतात. आमची वही आम्ही आनंदाने देऊ. तीत आपणांस योग्य वाटेल ते बदलावे, आणि ती पुढच्या गावास त्याच मोकळीकीने द्यावी.

हत्याराची मालकी मिळाली म्हणून कामगाराचे सगळे प्रश्न सुटत नाहीत, हे आम्ही जाणून आहोत. परंतु जे हत्यार आपण उघडू शकतो, समजू शकतो आणि दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो, त्याच्यापुढे माणूस लाचार राहत नाही. तेवढे जरी साधले तरी हा खटाटोप सार्थकी लागला असे आम्ही समजू.